लेबलाची जागा

"आईचं नाव वर की गावाचं?" बेलानं विचारलं, तेही तोंडात दोन टाचण्या धरून.

"आधी तोंडातलं काढ. गिळलीस एखादी, तर तुझ्या आईला, झिव्काला, मी काय सांगू? उद्योजकतेच्या तासाला पोरगी गेली म्हणून?" नेव्याना बाई म्हणाल्या. "आणि नाव वर. गाव कुठं पळून जातंय?"

"गाव नाही बाई, गावातली माणसं पळतायत," मागून स्तिलियान म्हणाला आणि सातवीचा अख्खा वर्ग खिदळला.

बाईही हसल्या. न हसून करतात काय? सप्टेंबरात हजेरीवर बावीस पोरं होती, फेब्रुवारीत एकोणीस उरली. दोघं जर्मनीला गेली, एक स्पेनला. स्तिलियानची आईसुद्धा स्पेनलाच होती, फक्त त्याला अजून नेलं नव्हतं. असं पोरगं थट्टा करतं तेव्हा हसावंच लागतं.

शाळेचा हा वर्ग तळघरात होता. खिडक्या छताला टेकलेल्या, बाहेरच्या रस्त्याच्या पातळीवर, आणि त्यांना जाड गज. गज चोरांसाठी होते. आतल्या कानशी, करवती, पायमशिनी सांभाळायच्या म्हणून कुणीतरी फार पूर्वी बसवलेले. पण एकतीस वर्षं आतून पाहिल्यावर ते नक्की कुणासाठी आहेत, हे सांगणं बाईंना जड गेलं असतं. त्या खिडक्यांतून रस्त्यावरच्या माणसांचे फक्त पाय दिसत. ब्रेझा गाव बाई पायांवरून ओळखत. कोण लंगडतंय, कुणी नवे बूट घेतले, कुणाची टाच झिजली, सगळं त्यांना चेहऱ्याआधी कळे.

त्या आधी श्रमशिक्षण शिकवायच्या. मुलांना कानस मारायला, मुलींना टीप घालायला. मग एके दिवशी मंत्रालयाचा कागद आला आणि विषयाचं नाव झालं 'तंत्रज्ञान आणि उद्योजकता'. खोली तीच, मशिनी त्याच, बाई त्याच. पुस्तक तेवढं नवं. पुस्तकात जगाचा नकाशा होता आणि त्यावर रंगीत बाण. कापूस इथून निघाला, तिथं त्याचं सूत झालं, पलीकडे कापड झालं, आणखी पलीकडे ते विकलं गेलं. बाईंनी स्वतः आयुष्यात एकदाच सीमा ओलांडली होती. ग्रीसला, समुद्रावर, सकाळी बसनं जाऊन संध्याकाळी परत. आणि उन्हानं डोकं दुखलं ते निराळंच. आता त्यांनी पोरांना जगाचा व्यापार शिकवायचा! पण शिकवायच्या मन लावून. अर्धंमुर्धं काम त्यांच्या हातून होतच नसे.

टेबलावर चोवीस बॅगा मांडल्या होत्या. रेनकोटच्या करड्या कापडाच्या, खांद्याला अडकवायच्या, पाण्याचा थेंब आत जाणार नाही अशा. शनिवारी प्लोव्हदिव शहरात शाळकरी कंपन्यांचा मोठा मेळा होता. देशभरातली पोरं आपापला माल घेऊन येणार, परीक्षक फिरणार, प्रश्न विचारणार. ब्रेझाच्या सातवीची कंपनी पहिल्यांदाच जाणार होती. निम्म्या पोरांनी प्लोव्हदिव पाहिलंच नव्हतं. आज गुरुवार. प्रत्येक बॅगेच्या दर्शनी बाजूला पांढऱ्या फितीची चौकोनी पट्टी शिवून झाली होती, आता त्यांवर न पुसणाऱ्या शाईनं अक्षरं काढायची होती. शिवणारीचं नाव, खाली गाव.

ही पट्टीची कल्पना बेलाची. नोव्हेंबरात बाईंनी पोरांना सांगितलं होतं, अंगातले कोट काढा, आतलं लेबल वाचा आणि तो देश नकाशावर शोधा. तासभर नुसता गोंधळ. बांगलादेश, तुर्कस्तान, पोर्तुगाल. शेवटी स्तिलियान म्हणाला, "बाई, आपलं गाव कुठल्या कोटात आहे?" कुठल्याच नव्हतं. गावातल्या नव्वद बायका पहाटे सहापासून कारखान्यात रेनकोट शिवत होत्या. कापड बाहेरून येई, दोरा बाहेरून येई, बटणंही बाहेरून येत आणि शिवून झालेला कोट बाहेरच जाई, दुसऱ्या देशाचं आणि दुसऱ्या कुणाचं नाव लावून. मग बेला उभी राहिली. बारा वर्षांची, हडकुळी, कपाळावर कायम आठी. म्हणाली, "मग आपल्या कंपनीत जी शिवेल तिचंच नाव लावायचं. मालकाचं नाही, कंपनीचं नाही. शिवणारीचं."

बाई अशा हरखल्या की विचारू नका. कारण एक होतं, ते पोरांना ठाऊक नव्हतं. मध्ये शाळेनं त्यांचे तास निम्म्यावर आणले, तेव्हा नऊ वर्षं त्या दुपारच्या वेळी कारखान्यात जात. त्यांच्याकडे लेबलं लावायचं काम होतं. लेबलं कुलपात असत, मोजून मिळत. एका दारामागे एकटीनं बसून त्यांनी हजारो कोटांवर परक्यांची नावं टाचली होती. चूक चालत नसे. त्या कापडावर रबरासारखा थर असतो. सुई एकदा गेली की भोक कायमचं. लेबल वाकडं बसलं तर उसवून पुन्हा लावायची सोय नाही, अख्खा कोट बाद. नऊ वर्षांत बाईंनी तीन कोट बाद केले होते. तिन्ही त्यांना अजून आठवत होते.

बॅगा शिवायला पोरांच्या आया आल्या, मावश्या आल्या, एक आजी आली. कारखान्याची पाळी सुटल्यावर, पाय सुजलेले असताना, आठवडाभर त्या या तळघरात बसल्या. पोरांनी कापायचं, बायकांनी टीप घालायची. स्तिलियानसाठी त्याच्या शेजारची गिना आली. गिना कारखान्यातली सगळ्यांत जुनी. मूल नाही, बाळ नाही. फितीवर नाव घालणार म्हटल्यावर बायका आधी लाजल्या, मग एकमेकींना चिमटे काढायला लागल्या. "माझं मोठ्या अक्षरात काढ गं, लांबून वाचता आलं पाहिजे. माझा नवरा आंधळाय!" गिना तेवढी हसली नव्हती. नमुन्याची पट्टी तिनं तीनदा मागून घेतली आणि तीनदा वाचून परत दिली.

दुपारी दोनपर्यंत चोवीस नावं लिहून झाली. बाईंची मुलगी सेव्दा हिचंही नाव त्यात होतं. ती कारखान्यात कॉलरच्या मशिनीवर बसे.

खिडकीत तपकिरी, चकचकीत बूट दिसले. गावात तसे बूट एकच माणूस घाले.

"ल्युबेन आला," बाई म्हणाल्या. "चिंध्या उचला, बॅगा नीट मांडा. आणि नमस्कार करा रे, ठोंब्यासारखे बघत बसू नका."

ल्युबेन कारखान्याचा मालक. शाळेच्या शेगडीची लाकडं त्याची, शनिवारची बस त्याची, बॅगांचं कापड म्हणजे त्याच्याच कारखान्यातली कातरण. पण या खोलीत उतरला की तो आपोआप मान खाली घालून चाले. दार बुटकं होतं म्हणून, आणि याच खोलीत त्यानं बाईंच्या हातची टपली खाल्लेली म्हणून.

"बाई, माझं ते पाखरांचं घरटं आहे का अजून?"

"आहे ना. एकही पाखरू आत जायला धजलं नाही, इतकं वाकडं केलं होतंस."

पोरं हसली, तोही हसला. एक बॅग उचलून त्यानं शिवण ताणून पाहिली, कौतुकानं भुवया उंचावल्या. मग बॅग फिरवली. पट्टी वाचली. दुसरी उचलली, तिसरी. त्याचं हसू कुठल्या कुठे गेलं.

"बाई, जरा बाहेर येता?"

बाहेरच्या बोळात पोरांचे कोट खुंट्यांना लटकले होते. ल्युबेन त्यांच्यात उभा राहून हळू आवाजात म्हणाला, "पट्ट्या काढाव्या लागतील."

"कुठल्या पट्ट्या?"

"नावांच्या. आणि गावाचं तर नावच नको."

बाईंना वाटलं, थट्टा करतोय. पण त्याच्या कपाळावर घाम होता, आणि बोळात तर चांगलीच थंडी होती.

"कापड माझं नाही हो बाई, ज्यांचे कोट आहेत त्यांचं. दोरासुद्धा माझा नाही. उरलेली कातरण फाडून नष्ट केली, अशी सही मी दर महिन्याला देतो. त्यांचा माणूस येतो, बघतो, जातो."

"मग आम्हाला दिलीस कशाला?"

"तुम्ही मागितलीत म्हणून," ल्युबेन म्हणाला, आणि क्षणभर तो पुन्हा सातवीतला झाला. "तुम्हाला नाही कसं म्हणणार? मला वाटलं, पोरं चार पिशव्या करतील, आया भाजी आणायला नेतील. हे प्लोव्हदिव, हे फोटो, हे कुणाच्या ध्यानीमनी होतं? वर गावाचं नाव! त्यांच्या कापडावर! एक फोटो पुरतो बाई. दरीपलीकडच्या कारखान्यात एका पोरीनं बाहीचा फोटो टाकला होता. नुसत्या बाहीचा. महिन्याभरात काम गेलं. आता तिथं कोंबड्या पाळतात."

"बरं, गाव काढते. बायकांची नावं राहू देत."

"नावांवरून गाव शोधायला कितीसा वेळ लागतो? नाव नसलं, तर ते कापड नुसतं करडं कापड आहे. कुणाचंही असेल. नाव लागलं की ते माझं."

"मग मेळ्यालाच नको जायला."

"आणि पोरांना काय सांगाल? बस मी सांगितलीय बाई, बस जाईल. मी काही राक्षस नाही."

हे खरं होतं, आणि तेच बाईंना जास्त लागलं. समोर राक्षस असता तर दोन शब्द सुनावून मोकळं होता आलं असतं.

"बायकांना विचारलंस?"

"तुम्ही विचारा. काय म्हणतील ते तुम्हाला ठाऊक आहे."

ठाऊक होतं.

ल्युबेननं एका लहान कोटाची वळलेली कॉलर उगाचच सरळ केली. "सेव्दाला वसंतात तपासणीच्या टेबलावर घ्यावं म्हणतोय. बसून काम. तिच्या पाठीला बरं पडेल."

"हे आत्ताच कशाला सांगितलंस?"

बूट वाजवत तो जिन्यानं वर गेला, आणि बोळाच्या टोकाशी असलेल्या खिडकीतून बाईंना नंतर त्याचे पाय दिसले. ते बराच वेळ एका जागी उभे होते. मग गेले.

बाई आत आल्या. एकोणीस पोरं त्यांच्याकडे बघत होती. एखाद्या दुसऱ्या शिक्षिकेनं काहीतरी थाप मारली असती. शाई चांगली नाही, परीक्षकांना आवडणार नाही, असलं काहीतरी. बाईंना थाप मारता आली नाही, म्हणून त्यांनी घडलं ते सगळं सांगितलं. कापड कुणाचं, सही कसली, भीती कसली. बोलता बोलता त्यांचा आवाज वर्गात शिकवायचा असतो तसा झाला. "हासुद्धा व्यापारच आहे. मोठी कंपनी लहान कारखान्याला अटी घालते. पुस्तकात बाण आहेत ना, ते..."

"बाणाचं काय घेऊन बसलात बाई!" बेला म्हणाली. वर्ग चपापला. "तुम्हीच शिकवलंत ना, वस्तू कुणी केली हे लपवणारा काहीतरी लपवतोय म्हणून? वहीत लिहून दिलंत. मी दाखवू वही?"

"नको. मला आठवतंय."

"मग?"

"मग काही नाही, बेला. पट्ट्या काढायच्यात."

"मी नाही काढणार. माझ्या आईनं शिवलीय. तिचं नाव तिथंच राहणार."

"तुझ्या आईची नोकरी..."

"आईनं सांगितलं का काढा म्हणून? सांगितलं का?"

साडेतीनला कारखान्याचा भोंगा झाला. पाळी सुटली. थोड्या वेळानं खिडक्यांतून पाय जायला लागले. रोज हे पाय खिडकीशी रेंगाळत. एखादी बाई वाकून आत डोकावे, "पोरगं त्रास देतंय का हो?" म्हणून ओरडे. आज पाय थांबेनात. भराभर जात राहिले, एकामागून एक. म्हणजे ल्युबेननं तिकडे जाऊन सांगितलं होतं. बाईंनी सेव्दाचे पाय ओळखले. कंबर धरून चालणारीचे पाय, डावा जरा फेंगडा. तेही थांबले नाहीत.

मग निळ्या बुटांची एक जोडी थांबली. गुडघे दिसले, हात दिसले, गजांतून झिव्काचा चेहरा दिसला. रस्त्यावर ओणवी होऊन ती आत बघत होती.

"बाई! अहो बाई! माझी आधी काढा. आणि बेलाला सांगा, तमाशा करू नको."

"आई, मी इथंच आहे," बेला म्हणाली.

उजेडातून अंधारात झिव्काला पोरगी दिसली नसावी. ती गजाला हात धरून तशीच राहिली. मग म्हणाली, "काढून टाक गं राणी. झालं ना, बघितलं आम्ही. छान दिसत होतं." आणि गुडघे झटकत उठली.

बेलानं टेबलावरची आईची बॅग ओढली. मशिनीच्या खणातलं ब्लेड काढलं. बाई पुढे झाल्या, "थांब, बोट कापशील," म्हणाल्या, पण तिनं ऐकलं नाही. चार बाजूंची टीप तिनं अशी सपासप उसवली की दोऱ्याचे तुकडे उडाले. पट्टी निघाली. तिच्याखाली त्या करड्या कापडावर चौकोन उरला. बारीक भोकांच्या चार रांगा, काटकोनात.

"भोकं राहिली," बेला म्हणाली. "तुम्हाला माहीत होतं ना, भोकं राहणार ते?"

"हो."

बेलानं बॅग टेबलावर टाकली, कोट घेतला आणि गेली. बाईंनी इतरांनाही घरी पाठवलं. एकोणीस पोरांच्या हातात ब्लेडं देऊन त्यांच्या आयांची नावं उसवायला लावायची, एवढं त्यांच्याकडून होणार नव्हतं. जे करायचं ते त्यांनी स्वतः करायचं ठरवलं. पहिली त्यांनी सेव्दाची घेतली.

सहा-सात बॅगा झाल्या असतील. दार वाजलं. गिना होती. गिनाचे पाय त्यांना खिडकीतून दिसलेच नव्हते, कारण मान खाली होती.

"माझी कुठाय?" गिनानं विचारलं.

"अजून घेतली नाही. बस."

गिना बसली. बाईंचा हात थोडा वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "अशानं कापड फाडशील तू. लेबलं लावायला बसलीस गं नऊ वर्षं, काढायला कधी शिकली नाहीस. दे इकडे."

"गिना, तू नको."

"का? माझे हात काय चोरीला गेलेत?" तिनं दुसरं ब्लेड घेतलं. "तू त्या पोरांना बाहेरचं जग दाखवतेस म्हणे. बरं करतेस. दाखव. आमच्या वेळेला कुणी दाखवलं नाही."

दोघी उसवत बसल्या. गिनाची बोटं वाकडी झालेली, पण काय चपळ! बाईंची एक होईतो तिच्या तीन होत. स्वतःची बॅग आली तेव्हा ती थांबली नाही. दोरा कापला, पट्टी सोडवली, तळहातावर ठेवली. 'गिना, ब्रेझा.' स्तिलियाननं जीभ बाहेर काढून, एकेक अक्षर कोरल्यासारखं काढलं होतं.

"एकतीस वर्षांत माझं नाव कुठं पाहिलं असेल तर विजेच्या बिलावर," गिना म्हणाली. "ही मला नेऊ दे. नेली तर चालेल ना? की हीसुद्धा मोजून परत द्यायचीय?"

बाईंनी इथल्या रीतीनं, हो म्हणून, मान आडवी हलवली आणि हलवतच राहिल्या. गिनानं पट्टी रुमालात घडी करून ठेवली, रुमाल ब्लाऊजच्या आत ठेवला. मग पुढची बॅग ओढली.

"रडतेस कशाला वेडे? बॅगा तर जातायत ना. पोरं तर जातायत."

शनिवारी बस वेळेवर आली. बेला येईल की नाही, याची बाईंना धास्ती होती, पण ती सगळ्यांच्या आधी येऊन उभी होती. केस चापून बसवलेले, इस्त्रीचा पांढरा शर्ट. नमस्कार केला आणि बसमध्ये जाऊन बसली. वाटेत बाकीची पोरं चीज भरलेल्या बनित्साचे तुकडे खात, गाणी म्हणत होती. बेला खिडकीला डोकं टेकून बसली होती.

मेळ्याचा मंडप प्रचंड. टेबलंच टेबलं, फुगे, दिवे, पडदे. राजधानीच्या पोरांनी फोनवर चालणारं काय काय केलेलं. ब्रेझाच्या टेबलावर करड्या बॅगा, आणि प्रत्येकीवर भोकांचा चौकोन. बाईंनी त्या उलट्या मांडून पाहिल्या, पण मागची शिवण आणखी वाईट दिसे. शेवटी तशाच ठेवल्या. देवाजवळ त्यांचं एवढंच मागणं होतं, की कुणाचं लक्ष जाऊ नये.

अकरा वाजता परीक्षक आले. दोन पुरुष आणि एक बाई, चष्मेवाली, हसतमुख, हातात कागद लावलेली पाटी. तिनं बॅग उचलली, पट्टा ओढून पाहिला, वर पाणी ओतून पाहिलं. पाणी ओघळून गेलं. "वा!" म्हणाली. मग तिचा अंगठा त्या चौकोनावर गेला.

"हे काय? इथं काही लावलेलं होतं का?"

टेबलामागे पाच पोरं उभी होती. स्तिलियाननं बुटांकडे पाहिलं. बाई दोन पावलांवर उभ्या होत्या. शिक्षकांनी बोलायचं नाही, असा नियम होता. नियम नसता तरी त्या काय बोलणार होत्या? बेलानं मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. बाईंना वाटलं, आता ही सांगणार. सांगू दे, असंही वाटलं. होऊ दे काय व्हायचं ते. आणि त्याच क्षणी सेव्दाची पाठ आठवली, झिव्काचे गजांतले हात आठवले. नको गं, बेला. नको.

बेला परीक्षकांकडे वळली आणि हसली. इतकं गोड हसताना बाईंनी तिला कधी पाहिलं नव्हतं.

"ती लेबलाची जागा आहे," ती म्हणाली. "आम्ही मुद्दाम मोकळी ठेवलीय. ज्याला जे नाव हवं, ते त्यानं लावावं. भोकं आम्ही आधीच पाडून देतो, म्हणजे कुणालाही हातानं शिवता येईल. आमचं नाव आम्ही लावत नाही. बाजाराला ते नको असतं."

"आणि ही कल्पना कुणाची?"

"आमच्या गावात पूर्वीपासून असंच करतात," बेला म्हणाली.

तिन्ही परीक्षक हसले. चष्मेवालीनं पाटीवर काहीतरी लिहिलं, त्याखाली दोनदा रेघ मारली. "बारा वर्षांची आहेस ना? कमाल आहे! कुणी शिकवलं तुला हे सगळं?"

"आमच्या बाईंनी," बेलानं बोट दाखवलं.

चष्मेवालीनं पुढे येऊन बाईंचा हात हातात घेतला, दाबला, अभिनंदन केलं. बाई काहीतरी पुटपुटल्या.

दुपारी ब्रेझाच्या सातवीला 'बाजाराची उत्तम जाण' यासाठी बक्षीस मिळालं. काचेचा तुकडा आणि प्रमाणपत्र. पोरं नाचली, एकमेकांच्या पाठीवर थापा मारल्या. फोटो काढले. फोटोत बॅगाही आल्या, पण त्यांच्यावर कुणाचंच नाव नव्हतं, त्यामुळे भिण्यासारखं काही राहिलं नव्हतं. मुख्याध्यापिकेचा फोन आला, ल्युबेनचा आला. तो फोनवर दोनदा म्हणाला, "बाई, तुमचे उपकार आहेत." तिसऱ्यांदा म्हणण्याआधी बाईंनी फोन ठेवला.

परतताना बस डोंगर चढायला लागली तशी पोरं झोपली. बेला येऊन बाईंच्या शेजारच्या जागेवर बसली. काचेचा तुकडा तिनं मांडीवर धरला होता.

"बाई, बरोबर सांगितलं ना मी?"

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. कपाळावरची आठी गेली होती. ती कधी गेली, ते त्यांना सांगता आलं नसतं.

"बरोबर सांगितलंस," त्या म्हणाल्या.

"मला वाटलंच," बेला म्हणाली, आणि खिडकीकडे तोंड करून डोळे मिटले.

बाईंच्या मांडीवर एक बॅग होती. कारखान्यात दुसऱ्या कुठल्या कापडावर सुई चुकली, की त्या नखानं ती जागा घासत. धागे सरकत आणि भोक मिटून जाई. बाईंनी बॅगेवरच्या चौकोनाच्या एका कोपऱ्यावर नख ठेवलं आणि घासायला सुरुवात केली. एक रांग झाली, मग दुसरी. या कापडाला तसं काही होत नाही, हे त्या बसमध्ये त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. गावाचे दिवे दिसेपर्यंत त्या घासत राहिल्या.